शिवरात्रीचा कीस

अहो,

तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही आफ्रिकेतून पानंच्या पानं लिहायचात आणि मी फोनवर दोन वाक्यांत वासलात लावायची. आता पाच वर्षांनी लिहायला बसलेय, ते काही प्रेमाला भरतं आलंय म्हणून नाही. काल गुरुवारी हसमुखभाई येऊन गेले. उद्या ते टांझानियाला परत निघालेत, आणि जाताना त्यांना माझ्याकडून एक कागद न्यायचाय. तुमच्या मरणाबद्दल मी तेव्हा जे सांगितलं ते खोटं होतं, असं लिहिलेला कागद.

तो दिला तर तुमची रेहेमा मोकळी होईल. पण तो इंग्रजीत हवा, म्हणजे मृण्मयीला शेजारी बसवून सांगायला हवा. पोरीला कळणार, बाबा कुणाच्या शब्दाने गेले ते. नाही दिला तर कुणी माझा हात धरून सही घेणार नाही. काय करू? बोला की! बोलणार कसले तुम्ही! जिवंतपणी तरी कुठे मला कधी आडवं बोललात?

इथे आखातात शुऐबाच्या प्लँटवर फिटरचे फोरमन झाला होतात. इराकी गेल्यावर जे पहिले लोक परत आले त्यांत आपण होतो. महबूल्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, मला इंडियन शाळेत मदतनिसाची नोकरी, माझा स्वतःचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वर संगमेश्वर-देवरुखकडच्या एकट्या राहणाऱ्या पोरांचे बारा डबे. लोक एवढ्यासाठी देवाला साकडं घालतात. आणि तुम्हाला काय सुचलं? वरच्या मजल्यावरच्या अलिअम्माने एकदा वाटीभर उकडलेला कप्पा पाठवला, आणि तुमच्या डोक्यात किडा शिरला.

कप्पा म्हणजे कसावाचा कंद, आपला शाबुदाणा होतो तो याच्याच पिठापासून, हे तुम्हाला तुमच्या स्टोअरकीपरने, हसमुखभाईंनी सांगितलं. त्यांचं अख्खं घराणं टांझानियातल्या टांगा शहराच्या बाजूचं. तिथे त्यांची जमीन पडून होती, आजूबाजूच्या प्रत्येक शेतात हा कंद, आणि तरी तिथल्या कापडगिरण्या खळीसाठी स्टार्च बाहेरून मागवायच्या. झालं! तुम्ही खालच्या बकाल्यातून, वाण्याकडून, पिशव्या भरभरून कप्पा आणायला लागलात. प्लँटच्या भंगारातला पाइपचा तुकडा, त्यावर खिळ्याने भोकं पाडलेला पत्रा, अशी किसणी केलीत. माझी जुनी वायलची साडी फाडून गाळणं केलंत. आणि ते सगळं दुधाळ पाणी आपल्या बाथटबात! दोन दिवस मी आणि मृण्मयी स्वयंपाकघरात बादलीने आंघोळ करत होतो. पाणी सोडलंत तेव्हा टबाच्या तळाशी पांढराशुभ्र थर बसला होता. तुम्ही त्यावर टिचकी मारून मला हाक मारलीत, की नलू, हे बघ. मी बघितलं आणि टब कोण घासणार ते विचारलं.

पण कंद उपासाला चालतो हे डोकं माझं. शाबुदाणा चालतो तर ज्याच्यापासून तो होतो तो कंद का नाही? रताळ्याचा करतात तसा त्याचा कीस केला. कच्चा किसून तुपावर परतायचा, वर गूळ आणि ओलं खोबरं. तुम्ही बोटं चाटत खाल्लात. मग आपल्याकडे चतुर्थी म्हणू नका, एकादशी म्हणू नका, कप्प्याचा कीस ठरलेला.

आणि माझी ती शिस्त. नैवेद्याचं रांधताना चव घ्यायची नाही. मीठ कमी पडलं तर पडलं, देवाआधी तोंड लावायचं नाही. प्रसादाला नाव ठेवायचं नाही आणि पानात टाकायचा नाही. मृण्मयी पाच वर्षांची असताना तिने शिऱ्याचा चमचा चाटला म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली होती. ओठ फुटला होता तिचा. तुम्ही दारात उभे होतात. एक शब्द बोलला नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी स्वतः चहा करतानाही चव घेतली नाहीत. मला तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग तुम्ही राजीनामा दिलात आणि गेलात. मृण्मयीची शाळा होती, माझा पगार होता, तेव्हा आम्ही इथेच राहिलो. हसमुखभाई निवृत्त होऊन तुमच्या आधीच तिकडे पोचले होते, तुमचे भागीदार.

तुमची पत्रं माझ्याकडे आहेत. म्हणजे मृण्मयीकडे आहेत, तिने खोक्यात लावून ठेवलीत. पहिलं वर्ष नुसतं रडगाणं. कंद जमिनीतून काढला की दोन दिवसांत किसला गेला पाहिजे, नाहीतर आतून काळ्या-निळ्या रेघा पडतात, आणि तुमचा तो खटारा ट्रक दर आठवड्याला रस्त्यात बसायचा. दुसऱ्या वर्षी हाताच्या किसणीला मोटर लागली. मग स्टार्चचं पाणी निवळायला सिमेंटच्या टाक्या, मग काळ्या प्लॅस्टिकवर वाळवण. खोके बनवणारा एक जण डिंकासाठी तुमचं पीठ घ्यायला लागला. त्यानंतर कापडगिरणी. शेवटी एका बिस्किटवाल्याने नमुना मागवला, तेव्हा तुम्ही फोनवर लहान पोरासारखे ओरडलात. मी काय म्हणाले? ‘बरं, जेवलात का?’ एवढंच. एकदा तरी शाब्बास म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं?

पण तुमच्या पत्रांत आणखी एक गोष्ट असायची. रेहेमा. कंद सोलणाऱ्या बायकांची ती मुकादम, विधवा, तुमच्याच वयाची. रेहेमा सोलते कशी, रेहेमाने टाकीतली गळती कशी शोधली, रेहेमा म्हणते हे करू नका, रेहेमा म्हणते ते करू नका. इथे मी बारा डब्यांच्या फोडण्यांत डोळे जाळतेय आणि दीड पान रेहेमाच्या सुरीवर! एका फोटोत ती तुमच्या शेजारी उभी आहे, तुमच्याएवढीच उंच, मोठ्याने हसतेय. तो फोटो मी पिठाच्या डब्यामागे टाकला. मृण्मयीने शोधून काढून परत खोक्यात ठेवला. तुमच्यात काही होतं का? काही नव्हतं. हसमुखभाईंनी सांगायच्या आधीपासून मला ते ठाऊक होतं. पण ठाऊक असून जळायचं कुठे थांबतं माणूस?

आता त्या दिवसावर येते. टाळून किती टाळणार?

महाशिवरात्र. शाळेला अर्धी सुट्टी टाकून मी खिचडीचे डबे भरत होते. साडेअकराला तुमचा फोन. तुम्ही नवीन मोबाइल घेतला होता आणि टाकीच्या कठड्यावर चढलं तरच रेंज यायची, म्हणून वारा ऐकू येत होता. तुम्ही म्हणालात की शाबुदाणा संपलाय, तेव्हा तुझाच कीस करतोय, खोबरं खवून ठेवलंय, गूळ किती घालू? मी सांगितलं. मग तुम्ही हसत म्हणालात, की रेहेमा इथे उभी आहे, ती म्हणते कंदाचं टोक कच्चं चावून बघ आणि थुंकून टाक, मगच किस. इथे सगळे तसंच करतात. पण आज शिवरात्र, आणि हा तर नैवेद्याचा. काय करू?

तुम्ही मला विचारलंत. साठ माणसांना कामाला लावणारा बाप्या, आणि दाताने एक तुकडा चावायला बायकोची परवानगी! आणि मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते, कारण आजवर ते मी कुणापुढे उच्चारलेले नाहीत.

‘तिला सांगा, आमच्यात देवाआधी कुणी तोंड लावत नाही. तिच्या जिभेवर आता माझ्या देवाचं ताट चालायचं का?’

तुम्ही ‘बरं बाई’ म्हणालात आणि फोन ठेवलात. मला काय माहीत, की तिथल्या कंदात एक गोड जात असते आणि एक कडू, कडूत स्टार्च जास्त म्हणून तुम्ही तीच पोत्यांनी घेता, तिला चार दिवस भिजवल्याशिवाय तोंडात घालायची सोय नाही आणि बघून दोन्ही सारख्याच दिसतात? मला कुठून कळणार? आम्ही इथे अलिअम्माचा कप्पा खाणारी माणसं.

तुम्ही घरासाठी बाजूला ठेवलेली टोपली म्हणून दुसरीच टोपली ओढलीत. कीस परतलात, नैवेद्य दाखवलात, सकाळपासूनच्या रिकाम्या पोटी बसून खाल्लात. कडू लागला नसेल का? लागलाच असणार, गुळाखालून तरी. पण प्रसाद! ताट पुसून खाल्लंत, हसमुखभाईंनी ते ताट बघितलंय. अहो, एकदा थुंकायचं होतं! देव काही तिथे छडी घेऊन उभा नव्हता. आणि मी तर दोन हजार मैलांवर होते.

तीनपर्यंत तुम्ही उलट्या करून निपचित झालात. रेहेमाने आणि दोघा-तिघांनी उचलून पिकअपमध्ये घातलं. टांगाच्या रस्त्यावरच गेलात. चारला हसमुखभाईंचा फोन आला. रडत होते. डॉक्टर विष म्हणतायत, म्हणाले, आणि मग विचारलं, ‘भाभी, खाना किसने बनाया था, कुछ पता है?’

मी विचार केला नाही असं मला म्हणता येणार नाही. एक श्वास घेण्याएवढा वेळ होता आणि तेवढ्यात मी विचार केला. तुमचे दादा काय म्हणतील, अलिअम्मा काय म्हणेल, बारा डब्यांची पोरं काय म्हणतील, की बाईने नवऱ्याला फोनवरून मारला. आणि मृण्मयी समोर अभ्यासाला बसली होती, दहावीचे पेपर चार दिवसांवर. मी म्हणाले, ‘रेहेमा. इनको तो चाय भी नहीं आती थी. सब वही पकाती थी.’

पुढचं सोपं गेलं. तिकडच्या पोलिसांना बायकोचा जबाब हवा होता. अलिअम्माच्या नवऱ्याने इंग्रजीत लिहून दिला, मी सही केली, फॅक्स गेला. त्यात मी आणखी एक घातलं, की तिचा पगारावरून तुमच्याशी वाद होता. हे तर मला कुणी विचारलंही नव्हतं! तिने सांगितलं की त्यांनी स्वतः रांधलं, बायकोशी फोनवर बोलून रांधलं. मालकाच्या बायकोपुढे तिचं कोण ऐकतोय? कंद ओळखणारी बाई, तिनेच रांधलं तर जाणूनबुजून, असा हिशेब झाला. चौदा महिने आत होती. पुराव्याअभावी सोडली, पण नावावरचा डाग तसाच.

मी तुमच्या अंत्यविधीला आले नाही. सगळ्यांना सांगितलं की पोरीची परीक्षा. खरं म्हणजे तिकडे ती बाई समोर उभी राहिली असती. दुसरं युद्ध सुरू झालं तेव्हा खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून मी आणि मृण्मयी आतल्या खोलीत बसून होतो, सायरन वाजत होता, तेव्हा एकदा मनात आलं की तिच्या कोठडीला खिडकी तरी असेल का. मग सायरन थांबला आणि मी डाळीला फोडणी द्यायला उठले. अशी आहे मी. तुम्हाला ठाऊक होती तेवढीच, त्याहून वेगळी नाही.

काल हसमुखभाई आले ते पुतण्याकडे सालमियाला उतरलेत. थकलेत फार. सांगत होते, रेहेमाने तीन वर्षांपूर्वी जुन्या बायकांना गोळा करून तुमची शेड परत उघडली. तुमचीच मोटर, तुमच्याच टाक्या. डिंकवाला माल घेतो. बिस्किटवालाही घ्यायला तयार आहे, आणि तो आला की बायकांची वर्षभराची ददात मिटेल. पण खायच्या पिठाला परवाना लागतो, आणि विषाच्या प्रकरणात नाव असलेल्या बाईला तो मिळत नाही. गावात तर तिच्या हातचं कुणी पाणी घेत नाही. बायकोने जबाब मागे घेतला तर फाइल बंद होईल, असं तिथल्या वकिलाने सांगितलंय.

मी चहा ठेवला, चिवडा ठेवला आणि म्हणाले की मी बोलले तेच खरं.

हसमुखभाईंनी कपाला हात लावला नाही. म्हणाले, ‘भाभी, फोन उसके सामने हुआ था.’ तुम्ही फोन ठेवून तिला तिच्या भाषेत माझं उत्तर सांगितलं होतंत म्हणे, माझ्या देवाच्या ताटासकट. ते ऐकून ती हसली आणि सोलायला निघून गेली. तिने माझ्यासाठी निरोप दिलाय: मी हसले, त्यांचा हात धरला नाही, तेवढी चूक माझीही आहे असं त्या बाईंना सांगा.

मला वाटलं होतं शिव्या येतील. शिव्यांना मी तयार होते, त्यांना उत्तरं होती माझ्याकडे. हसमुखभाई गेल्यावर मी ते कप घासले, पुसले, परत घासले.

एवढं लिहून सकाळी उठले होते. आता संध्याकाळ होत आलीय. पुढचं ऐका.

मृण्मयीला आज सुट्टी. ती एगैल्याला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, तुम्हाला सांगायचं राहिलंच. जेवणं झाल्यावर मी तिला कॉम्प्युटर लाव म्हटलं. एक अर्ज टाइप करायचाय, मी मराठीत सांगते, तू इंग्रजी कर. तिने बोटं ठेवली. मी सांगायला लागले. तुमचा फोन, टोक चावायची गोष्ट, माझं उत्तर, हसमुखभाईंना दिलेलं नाव, पगाराचं खोटं, सगळं. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून मी तिच्या बोटांकडे बघत होते. ती एकदाही थांबली नाहीत. फक्त ‘चौदा महिने’ म्हटल्यावर तिने विचारलं, ‘फोर्टीन?’ मी हो म्हणाले. तिने टाइप केलं.

शेवटी मी सांगितलं, आता लिही, की तिथला कंद विषारी असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

तिने लिहिलं. मग खुर्ची मागे सरकवून उठली, तिचं खोकं आणलं आणि तुमचं एक पत्र काढून माझ्यापुढे धरलं. दुसऱ्या वर्षातलं. तुमचं अक्षर. इथला कडू कंद तसाच खाल्ला तर शेळी मरते, माणूसही मरतं, म्हणून रेहेमा म्हणते की प्रत्येक वेळी टोक चावून बघायचं, तू तिकडे काळजी करू नकोस. पानाच्या कोपऱ्यावर माझ्या हळदीच्या बोटाचा डाग.

‘यू न्यू, आई,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही. बसली आणि ते वाक्य पुसून टाकलं.

वर तुम्हाला मी ‘मला काय माहीत’ असं लिहिलंय ना? बघा, मेलेल्या माणसाशीही खोटं बोलायची सवय सुटत नाही. मी ते खोडणार नाही, राहू दे तिथेच. वाचलं होतं हो मी ते पत्र. ‘रेहेमा म्हणते’ दिसलं की माझं डोकं फिरायचं, पण डोळे काही फिरायचे नाहीत. टाकीवरून तुम्ही विचारलंत तेव्हा ते मला आठवत होतं का? मी पाच वर्षं स्वतःला सांगतेय की नव्हतं आठवत. रेहेमाने सांगितलेलं मी तुम्हाला करू द्यायला तयार नव्हते, एवढं मात्र पक्कं आठवतंय.

मृण्मयी तिच्या खोलीत आहे. दार लोटलंय, कडी लावलेली नाही. संध्याकाळचा चहा तिने स्वतःपुरता करून घेतला. उद्या सकाळी हसमुखभाईंकडे कागद घेऊन तीच जाणार आहे, मला बरोबर येऊ नको म्हणाली. हे तुम्हाला सांगताना तुमचा राग येतोय. एकदा, फक्त एकदा, ‘नलू, गप बस’ म्हणाला असतात तर आज तुम्ही टाक्यांवर असतात आणि मी तुम्हाला जेवलात का म्हणून विचारत असते. का नाही म्हणालात? माझी एवढी भीती वाटत होती तुम्हाला?

वचन द्यायचं तर हे देते. मी टांगाला जाणार नाही. पाया पडायला नाही, माफी मागायला नाही, तुमची शेड डोळे भरून बघायलाही नाही. चौदा महिने त्या बाईकडून घेतलेत, आता तिच्याकडून माफीही उकळणार नाही. मृण्मयीकडेही मागणार नाही. द्यायची झाली तर तिची ती देईल, आणि नाही दिली तर मी दारावर थाप मारणार नाही. उद्यापासून कुणीही विचारलं, दादांनी, डब्याच्या पोरांनी, देवळातल्या बायकांनी, की वसंतराव कशाने गेले, तर जे खरं आहे ते सांगेन, पूर्ण, रेहेमाच्या नावासकट.

मघाशी कागदावर पूर्ण नावाने मराठीतच सही केली. मृण्मयीने खाली इंग्रजीत टाइप केलं, ‘वाइफ ऑफ द डिसीज्ड’. तुमच्या पत्रालाही तीच सही करते, दुसरी कुठली करायचा हक्क आता उरला नाही.

नलिनी वसंत घाणेकर